देव नक्की कुणाच्या बाजूने? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळच्या पत्रांत भांडणाची पत्रंच जास्त आहेत, आणि गंमत म्हणजे लिहिणारे बहुतेक जण भांडणारे नाहीत, भांडण मिटवायला ज्यांना खुर्चीत बसवलंय ते आहेत. त्यांची गोची वेगळीच असते, दोन्हीकडून बोलणी खायची आणि वर देवाचं नाव पण राखायचं. चार पत्रं निवडलीत. नावं, ठिकाणं काढून टाकलीत.

प्रश्न : भाऊ, मी आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कमिटीचा अध्यक्ष आहे. बरीच वर्षं साठवलेला एक फंड आहे. अर्ध्या लोकांना त्यातून प्रार्थनागृह मोठं करायचंय, अर्ध्यांना दुसरीकडे नवीन सेवा सुरू करायचीय. दोन्ही बाजू म्हणतात की आम्ही उपास धरून प्रार्थना केली आणि देवानं आम्हाला स्पष्ट सांगितलं. आता देव दोघांना दोन वेगळ्या गोष्टी कशा सांगेल? मी कुणाला खोटं ठरवू? खरं सांगू का, मनातून मला एक बाजू पटलेली आहे पण मी ते कुणाला बोललेलो नाही. मी देवाकडे नक्की मागू तरी काय?

उत्तर : तुमच्या पत्रात सगळ्यात कामाचं वाक्य ते शेवटून दुसरं आहे, मनातून एक बाजू पटलीय वालं. बाकीचं नंतर बघू, आधी ते घ्या.

बायबलातल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ४२ वा अध्याय निवांत बसून वाचा. यरुशलेम पडलेलं आहे, बाबेलच्या राजानं नेमलेल्या गदल्या या अधिकाऱ्याचा खून झालाय आणि उरलेले लोक जाम घाबरलेत की आता बाबेलवाले आपल्यावर सूड काढणार. मग सेनापतींपासून लहानथोर सगळे यिर्मयाकडे येतात आणि म्हणतात, आमच्यासाठी देवाला विचार, उत्तर बरं येवो की वाईट येवो आम्ही ऐकू. ऐकायला किती नम्र वाटतं ना. पण एक अध्याय मागे जा, तिथे लिहिलंय की ही माणसं मिसरला, म्हणजे इजिप्तला, जायचं म्हणून आधीच निघालेली होती आणि बेथलेहेमजवळ मुक्कामाला थांबली होती. म्हणजे सामान बांधून झालं, निघूनही झालं, आणि आता देवाला विचारतायत की जाऊ का. उत्तर आलं, जाऊ नका, इथेच राहा. तर लगेच म्हणाले, यिर्मया तू खोटं बोलतोस, तुला त्या तुझ्या लेखनिक बारूखनं फूस लावलीय. आणि गेलेच.

तुमच्या दोन्ही गटांना मी ढोंगी म्हणत नाहीये हं. उपास खरा असेल, अश्रू पण खरे असतील. पण गाठोडं आधीच बांधलेलं असलं की प्रार्थनेत आपल्याला आपलाच आवाज मोठा ऐकू येतो, आणि हे अध्यक्षालाही लागू आहे. म्हणून पहिलं काम, कमिटीबाहेरच्या, तोंडावर बोलायची हिंमत असलेल्या एखाद्या मोठ्या माणसाला गाठा आणि सांगून टाका की माझा कल इकडे आहे. गप्प बसलं म्हणजे तटस्थ झालो असं नसतं, उलट लपवलेला कल मीटिंगमध्ये कुठून ना कुठून बाहेर येतो, कुणाला किती वेळ बोलू दिलं, कुणाचा पॉइंट मिनिट्समध्ये कसा लिहिला, अशा बारीक गोष्टींतून, आणि लोकांना तो तुमच्या आधी कळतो.

त्याच अध्यायात अजून एक गोष्ट आहे जी पटकन नजरेतून सुटते. यिर्मयाला उत्तर १० दिवसांनी मिळालं. लोक भीतीनं अर्धमेले झालेत, शत्रू कधीही येईल असं वाटतंय, आणि संदेष्टा १० दिवस गप्प. तो म्हणू शकला असता की पहाटे मला उत्तर आलं. नाही म्हणाला. मला वाटतं पुढाऱ्याची नम्रता इथे दिसते, उत्तर मिळालं नसेल तर मिळालं नाही म्हणायचं, लोक कितीही मागे लागले तरी. तुमच्या फंडाला तर कुठली आग लागलेली नाहीये, तो बँकेत शांत पडून आहे. मग घाई कुणाला आहे आणि का आहे, हे जरा शोधा.

आता देव दोघांना दोन गोष्टी सांगेल का, हा प्रश्न. बायबलातल्या १ राजे या पुस्तकाच्या २२ व्या अध्यायात इस्राएलचा राजा अहाब याच्यापुढे ४०० संदेष्टे एका सुरात म्हणतात, चढाई कर, जिंकशील. शेजारी यहूदाचा राजा यहोशाफाट बसलाय, त्याला काहीतरी खटकतं, तो विचारतो की अजून कुणी आहे का विचारायला. अहाब म्हणतो, आहे एक मीखाया, पण मला तो आवडत नाही, माझ्याबद्दल कधी चांगलं बोलतच नाही! (असा एक तरी माणूस प्रत्येक कमिटीत असतो आणि बहुतेक वेळा मीटिंगचा निरोप नेमका त्यालाच मिळत नाही.) तो एकटा खरा निघाला आणि ४०० खोटे. म्हणजे किती जणांना वाटलं आणि किती जोरात वाटलं यावरून देवाची इच्छा ठरत नाही. आणि उलटं पण धरू नका, एकटा पडलेला प्रत्येक माणूस मीखाया नसतो, काही जण नुसतेच हट्टी असतात.

म्हणून मीटिंगमध्ये एक नियम घाला, आणि तो आधी स्वतःला लावा. 'देवानं मला सांगितलं' हे वाक्य चर्चेत वापरायचं नाही. त्याऐवजी म्हणायचं, 'प्रार्थना करताना मला असं वाटलं, तुम्ही तपासून बघा.' मनाला येईल तसा नियम नाही हा, प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहितो की संदेष्ट्यांनी बोलावं आणि बाकीच्यांनी पारख करावी, आणि थेस्सलनीकाच्या मंडळीला तर सरळ सांगतो की सगळ्याची पारख करा. ज्या वाक्यानंतर समोरच्याला बोलायला जागाच उरत नाही ते वाक्य नम्र असूच शकत नाही, मग त्यात देवाचं नाव कितीही वेळा असो. याचीच बहीण म्हणजे प्रार्थनेतून मारलेले टोमणे. 'हे प्रभू, ज्यांची मनं कठीण आहेत त्यांना तू मऊ कर', आणि एक डोळा अर्धा उघडून कुणाकडे तरी बघणं चालूय. ते बंद करा. मीटिंगच्या सुरुवातीला हवं तर सगळे मिळून पाच मिनिटं गप्प बसा, तोंडी प्रार्थनाच नको.

मागायचं काय, म्हणता. राजा शलमोनानं देवाकडे काय मागितलं ते बघा, मी लहान आहे, मला कसं वागावं ते कळत नाही, तुझ्या लोकांचा न्याय करायला मला समज दे. त्यानं कुठल्याही एका बाजूचा विजय मागितला नाही. आणि लगेच पुढे ती एका बाळावरून भांडणाऱ्या दोन बायांची गोष्ट येते. सगळ्यांना त्यातली बाळाचे दोन तुकडे करायला मागवलेली तलवार लक्षात राहते, पण तलवार मागवण्याच्या आधी शलमोन काय करतो? ही असं म्हणते, ती तसं म्हणते, असं दोघींचं म्हणणं तो परत बोलून दाखवतो. तुम्हीही हे करून बघा, एका गटाच्या माणसानं दुसऱ्या गटाचं म्हणणं मांडायचं आणि समोरच्यांनी 'हो, हेच म्हणायचंय आम्हाला' म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. पहिल्यांदा भयंकर वेळ लागतो आणि लोक चिडतात, चिडू देत. नीतिसूत्रांत म्हटलंय तसं, पहिला बोलणारा खराच वाटतो, दुसरा येऊन त्याला प्रश्न विचारेपर्यंत.

आणि हो, चर्चा म्हणजे विश्वास कमी असं समजू नका. प्रेषितांची कृत्ये १५ मध्ये, यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांनी सुंता करावी का या वादावर यरुशलेमात जमलेले लोक शेवटी पत्रात लिहितात की पवित्र आत्म्याला आणि आम्हाला हे योग्य वाटलं, पण त्याच्या आधी तिथे भरपूर वादविवाद झाला असं स्पष्ट लिहिलंय. पेत्र बोलला, बर्णबा-पौलानं परराष्ट्रीयांमध्ये, म्हणजे यहूदी नसलेल्यांमध्ये, प्रत्यक्ष काय घडलं ते सांगितलं, सगळे गप्प राहून ऐकत होते, मग याकोबानं शास्त्राशी ताडून बघितलं. अनुभव, शास्त्र आणि ऐकून घेणं, तिन्ही होतं. तुमच्या दोन्ही गटांपैकी कुणी खर्चाचा अंदाज काढलाय का, नवीन सेवा जिथे करायची तिथल्या लोकांशी कुणी बोललंय का? नसेल तर ते करा, ते पण विचारणंच आहे.

प्रश्न : मी एका महिला मंडळाचं काम बघते. एका बहिणीनं ग्रुपवर सगळ्यांसमोर लिहिलं की मी मनमानी करते आणि हिशोब दाखवत नाही. माझ्या मनात काही पाप नाही, देव साक्षी आहे. काही जणी म्हणतात तिला ग्रुपमधून काढा, काही म्हणतात नम्र राहा, काही बोलू नका. नम्र राहायचं म्हणजे गप्प बसायचं का भाऊ? मी प्रार्थना करून शांत होते आणि तिचा नवीन मेसेज आला की परत पेटते.

उत्तर : ताई, नाही, नम्र म्हणजे मुकं नाही. इस्राएल लोकांचा पुढारी मोशे, त्याला शास्त्रात पृथ्वीवरचा सगळ्यात नम्र माणूस म्हटलंय, आणि तोच मोशे भडकलेलाही आपल्याला दिसतो.

मोशेवर दोन वेळा झालेली टीका शेजारी शेजारी ठेवून बघा. एकदा सासरा इथ्रो येतो, मिद्यानाचा याजक, म्हणजे बाहेरचाच माणूस. तो जावयाला सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे सोडवत बसलेला बघतो आणि म्हणतो, तू करतोस हे बरं नाही, तूही थकशील आणि लोकही थकतील. दुसऱ्या वेळी त्याच्याच लोकांतला कोरह येतो, २५० पुढाऱ्यांना घेऊन, म्हणतो तुमचं फार झालं, सगळी मंडळीच पवित्र आहे, तुम्ही स्वतःला मोठं का समजता. दोन्ही टीका मोशेच्या कारभारावरच आहेत. एक त्यानं जशीच्या तशी मान्य केली, दुसऱ्या वेळी तो देवापुढे पालथा पडला. फरक कसा ओळखायचा? इथ्रोनं आधी दिवसभर बघितलं, मग प्रश्न विचारला, मग उपाय सांगितला आणि वर म्हणाला की देवाची आज्ञा असेल तर असं कर. कोरहानं आधी माणसं गोळा केली. तुमची ती बहीण यातली कोण, हे मला पत्रावरून कळणार नाही, आणि रागात असताना तुम्हालाही कळणार नाही. कधी कधी इथ्रोचा मुद्दा कोरहाच्या आवाजात येतो, हे पण ध्यानात असू द्या.

म्हणून आरोपाचे दोन भाग करा. हिशोबाचा भाग सोपा आहे, त्याला प्रार्थनेची पण फार गरज नाही, वही उघडा. मोशे रागात का होईना म्हणतो की मी यांच्याकडून एक गाढव सुद्धा घेतलेलं नाही, आणि पौल मदतीचे पैसे नेताना मुद्दाम इतर माणसं बरोबर घेतो, म्हणतो आमच्यावर कुणी दोष ठेवू नये, फक्त प्रभूपुढेच नाही तर माणसांपुढे पण चोख असावं. 'देव साक्षी आहे' हे बरोबरच आहे ताई, पण देव काही बिलं तपासायला येणार नाही, दोन बहिणींना बसवून हिशोब तपासून घ्या आणि त्यातली एक तिनंच निवडलेली असू द्या.

मनमानीचा भाग अवघड आहे. तिथे मत्तय १८ चा रस्ता धरा, दोघीच भेटा, ग्रुपवर एक अक्षर लिहू नका. तिला ग्रुपमधून काढू पण नका, निदान आत्ता तरी नाही, आज काढलं तर तिचं म्हणणं तुम्हीच खरं केल्यासारखं होईल. भेटल्यावर पहिला प्रश्न विचारा, 'मी असं नेमकं कधी वागले?' आणि ती सांगेल ते लिहून घ्या. लिहायला घेतलं की तोंड आपोआप बंद राहतं, हा फायदा आहे. आणि ते लिहिलेलं घेऊन प्रार्थनेला बसा, तिच्याबद्दलची तक्रार घेऊन नको.

राहिलं पेटण्याचं. गणना २० मध्ये लोक पाण्यावरून भांडायला येतात, मोशे आणि अहरोन निवासमंडपाच्या दाराशी जाऊन पालथे पडतात, देव सांगतो खडकाशी बोल. इथपर्यंत सगळं अगदी बरोबर झालं, प्रार्थना झाली, उत्तर मिळालं. पण मंडपापासून खडकापर्यंत जाता जाता राग परत चढला, 'बंडखोरांनो' म्हणून ओरडला आणि खडकावर दोनदा काठी मारली. पाणी आलं! लोक प्यायले, जनावरं प्यायली, बघणाऱ्याला वाटलं असेल काम झालं. पण वचनाच्या देशात जायचं मोशेचं राहून गेलं. मी हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाहीये, एवढंच की सकाळच्या प्रार्थनेवर संध्याकाळच्या मेसेजला उत्तर द्यायचं नाही. मेसेज आला की फोन उलटा ठेवा, रात्र जाऊ द्या. नहेम्या ५ मध्ये गरिबांची ओरड ऐकून नहेम्या पण खूप संतापला, पण पुढची ओळ आहे की त्यानं मनाशी विचार केला, आणि मग सरदारांना तोंडावर जाब विचारला. राग होता, जाब पण विचारला, मध्ये विचार होता.

प्रश्न : दोन उमेदवार आहेत, दोघांचे समर्थक हट्टाला पेटलेत. देवावर सोडून सरळ चिठ्ठी टाकावी का?

उत्तर : टाकता येते, पण मला वाटतं तुम्ही दमलाय म्हणून टाकताय. यहूदा इस्कर्योताच्या जागी प्रेषित म्हणून मत्थियाची निवड चिठ्ठीनं झाली हे खरं, पण त्याआधी माणूस कसा हवा ते ठरवलं, त्यात बसणारे दोघं पुढे केले, प्रार्थना केली आणि मग चिठ्ठी. दोघंही तितकेच लायक आहेत असं दोन्ही बाजूंनी मान्य केलं असेल तर चिठ्ठी भांडण मिटवते, नीतिसूत्रांत तसं म्हटलंय पण. ते मान्य नसेल तर हरलेला गट म्हणणार चिठ्ठीत घोळ झाला. आणि पुढे कृत्ये ६ मध्ये ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातं म्हणून कुरकुर झाली तेव्हा कुणी चिठ्ठी टाकली नाही, लोकांनाच सांगितलं की तुमच्यातली सात चांगली माणसं शोधा. त्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्याकडच्या माणसांच्या हातात वाटप दिलं असं दिसतं, आणि असं करायला मोठं मन लागतं.

प्रश्न : आमच्याकडे वाद झाला तेव्हा मी पुढारी म्हणून खूप प्रार्थना केली, सगळ्यांचं ऐकलं, वडीलधाऱ्यांचा सल्ला घेतला आणि निर्णय दिला. तरी काही कुटुंबं सोडून गेली. आता रात्री झोप लागत नाही, वाटतं देवाचं मार्गदर्शन मला कळलंच नाही का? नाहीतर शांती झाली असती ना?

उत्तर : हे 'नाहीतर' कुठून आलं? निर्णय देवाच्या मनासारखा असेल तर सगळे खूश होतात असं शास्त्रात मला तरी कुठे दिसत नाही. आत्ताच ज्या कृत्ये १५ चं कौतुक केलं त्याच अध्यायाच्या शेवटी पौल आणि बर्णबा यांच्यात मार्काला बरोबर न्यायचं की नाही यावरून इतकं जोरात वाजलं की दोघं दोन दिशांना गेले. पवित्र आत्म्याच्या नावानं पत्र लिहिणाऱ्या सभेतून परतलेली माणसं ही! कृत्ये लिहिणाऱ्या लूकानं ते लपवलं नाही आणि कोण बरोबर होतं ते पण सांगितलं नाही.

पण दुसरी बाजू पण सांगतो. एकदा विचारलं म्हणजे कायमचं विचारून झालं असंही नसतं. शत्रू पलिष्टी चालून आले तेव्हा राजा दावीदानं देवाला विचारलं, उत्तर आलं जा, गेला आणि जिंकला. तेच पलिष्टी परत त्याच खोऱ्यात आले. कुणीही म्हटलं असतं की मागच्या वेळचं उत्तर आहेच की. दावीदानं परत विचारलं आणि या वेळी उत्तर वेगळं आलं, समोरून जाऊ नको, वळसा घालून मागून जा. मोशेचं पण बघा, सलाफहादाच्या पाच मुलींनी वडिलांच्या वतनात वाटा मागितला, मोशेनं स्वतःच्या मनानं निकाल न देता ते देवापुढे नेलं, देव म्हणाला मुली बरोबर बोलतायत. झालं? नाही, पुढे त्यांच्याच वंशाचे पुढारी आले की या मुलींनी दुसऱ्या वंशात लग्न केलं तर आमचं वतन जाईल, आणि ते म्हणणं पण बरोबर ठरलं, निर्णयाला जोड द्यावी लागली. पहिला निर्णय चुकला होता म्हणून नाही, त्यात एक बाजू अजून बोलायची राहिली होती म्हणून.

त्यामुळे झोप लागत नसेल तर 'मी चुकलो का' हे रात्रभर घोळवू नका, त्याचं उत्तर रात्री दोन वाजता कुणालाच मिळत नाही. त्यापेक्षा गेलेल्या कुटुंबांनी काय म्हटलं होतं ते आठवून बघा, त्यातलं काही निर्णयाला जोड म्हणून घेता येण्यासारखं आहे का? असेल तर घ्या, ते परत येवोत न येवोत. आणि सहा महिने, वर्ष गेलं की त्यांच्या घरी जाऊन या. परत या म्हणायला नाही, नुसतंच भेटायला. ज्या मार्कामुळे फाटलं त्याच्याचबद्दल पौल नंतर तीमथ्याला लिहितो की त्याला घेऊन ये, तो मला सेवेला उपयोगी आहे. मध्ये बरीच वर्षं गेलेली होती. जाताना एकटे जा किंवा घरच्यांना घेऊन जा, कमिटीला बरोबर नेऊ नका.